एका पेटीवर एकच नाव

खिदिरपूर, कलकत्ता
८ जानेवारी १९५४

चि. कालिंदीस आशीर्वाद.

नाही, मी तुझ्या गुलाबाला हसलो नव्हतो. मी एवढंच विचारलं होतं, की गावातल्या हातमागांची पाहणी केलीत, तर त्या वहीच्या वरच्या पानावर गुलाब कशाला? त्यावर तू दोन पानं भांडलीस. "पाचवीतून शाळा सोडलेल्यानं नववीतल्या मुलींना शिकवू नये" हे तुझं वाक्य शकुनताईंनी रविवारी पंगतीत मोठ्यानं वाचलं, आणि त्यांचे यजमान श्यामराव ठसका लागेपर्यंत हसले. कस्टममधला एवढा मोठा माणूस, पण माझी फजिती झाली की लहान मुलासारखा खूष होतो. रविवारचं जेवण त्यांच्याकडे असतं म्हणून ऐकून घेतो, दुसरं काय.

आता तू ऐक. मी शाळा सोडली, अक्षरं सोडली नाहीत. हॉटेल सोडलं, ट्रामचा कारखाना सोडला, आणि आता गोदीत पेट्यांवर मार्का मारतो. पत्र्यात कापलेली अक्षरं पेटीवर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. दिवसाला दोनशे पेट्या. जहाजाच्या पोटात अंधार असतो, हमालाला वाचता येत नाही, तरी त्याला नुसत्या आकारावरून कळलं पाहिजे की ही पेटी रंगूनची आणि ही कोलंबोची. लांबून जे कळत नाही ते पान नव्हे, ती रांगोळी.

तुझ्या कच्च्या पानावर मी मोजून अकरा गोष्टी बघितल्या. कमानीत शाळेचं नाव, सरस्वती, तिची वीणा, दोन मोर, तो गुलाब, वर्ष, इयत्ता, बाईंचं नाव, तुझं नाव, जिल्ह्याचं नाव. आणि वही कशाची आहे ते सगळ्यात खाली, मुंगीएवढं! अगं, ज्यासाठी उन्हातान्हात हिंडलात तेच लपवलंस? "निंबवलीचे हातमाग" हे सगळ्यात मोठं हवं. बाकी सगळ्यांनी त्याला वाट करून द्यायची. डावीकडे चार बोटं जागा सोड, तिथे टाके पडणार आहेत. रंग दोनच. आणि मोकळी जागा दिसली की तिच्यात काहीतरी काढायचा तुझा हात आवर. मोकळी जागा म्हणजे उघडं पडलेलं अंग नव्हे.

तुला जमणार नाही हे मला ठाऊक आहे. मीच करून पाठवतो. एस्प्लनेडला एका दुकानात जाड कागद मिळतो, साहेब लोक नकाशे काढतात तो. शेवटची तारीख कळव आणि पानावर नक्की काय काय हवं ते नीट लिही. पुन्हा भांडू नकोस.

तुझा
गुरुदत्त


निंबवली
१७ जानेवारी १९५४

ती. दादास सा. नमस्कार.

गुलाबाबाबत हरले. मोर माझ्या वर्गातल्या सरोजनं काढले होते. तिला तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, "खरंच की. आमच्या मागावर मोर कधी बसलाय? बसलीच तर पाल बसते." मग आम्ही दोघी इतक्या हसलो की आईनं आतून विचारलं, कोण पडलं म्हणून.

आता गंमत बाजूला. शाळेच्या स्पर्धेची शेवटची तारीख सहा फेब्रुवारी. एकटीनं किंवा जोडीनं, कशीही पाहणी चालते. पहिला नंबर येईल त्या वहीच्या मुलींना मॅट्रिक होईपर्यंत फी माफ आहे. गावातल्या एका व्यापाऱ्यानं स्वतःच्या आईच्या नावानं हे बक्षीस ठेवलंय.

दादा, मला तू फी पाठवतोस. सरोजला कोण पाठवणार? तिच्या बाबांच्या दोन मागांपैकी एक दिवाळीपासून बंद आहे. नोव्हेंबरपासून तिची फी थकली आहे. हेडमास्तर म्हणतात, पाच एप्रिलपर्यंत भरली नाही तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. म्हणून ती या वहीसाठी जिवाचं रान करते आहे. एकशे बारा माग तिनं मोजले. कोष्टी आळीत मी एकटी गेले असते तर मला कुणी दोन शब्द सांगितले नसते. ती पुढे जायची, "काकी, ही माझी मैत्रीण, हिला सांगा बरं सुताचा भाव" म्हणायची. मी मागून लिहून घ्यायची. माझं काम एवढंच.

तेव्हा पानावर हवं ते असं: विषय, शाळा, इयत्ता नववी, १९५४, आणि आम्हा दोघींची नावं सारख्याच अक्षरांत. सरोज म्हणते तिचं खाली आलं तरी चालेल. मी म्हणते शेजारी शेजारी.

शारदाबाई नव्यानं आल्या आहेत, फार कडक आहेत, पण अक्षर चांगलं दिसलं की विरघळतात.

तुझी
कालिंदी


खिदिरपूर
३० जानेवारी १९५४

चि. कालिंदीस आशीर्वाद.

बांबूच्या नळीत पान गुंडाळून आज रजिस्टरनं पाठवलं. नळी जपून फोड. पान काढलंस की जड पुस्तकाखाली एक दिवस ठेव, नाहीतर ते शेपटीसारखं वळतच राहील.

मी केलेल्या कामात मला पहिल्यांदाच काही आवडलं. "निंबवलीचे हातमाग" काळ्या शाईनं, प्रत्येक अक्षर अंगठ्याएवढं. त्याच्या मागे विटकरी रंगाच्या उभ्या रेघा, ताण्यासारख्या, अगदी फिक्या. शाळेचं नाव वर एका ओळीत. कमान नाही. खाली तुझं नाव, इयत्ता, वर्ष. बस्स. शकुनताईंनी भिंतीला टेकवून ठेवलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. त्यांची धाकटी प्रेमलता इथेच जन्मलेली, तिचं मराठी असं, "दादा, तू खूब भालो लिखला!" म्हणजे मला शाबासकी मिळाली.

एक सांगायचं राहिलं. तुझं सतरा तारखेचं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा शाई वाळली होती. त्यामुळे वर नाव एकच आलं आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्या कामाचा नियमच तो आहे: एका पेटीवर एकच नाव. दोन नावं आली की माल भलत्या बंदरात उतरतो आणि दोघंही बोंबलत बसतात. हाताला तीच सवय. सरोजचं नाव तू आतल्या पहिल्या पानावर घाल, चांगलं ठळक. वरच्या पानाला मात्र टाक लावू नकोस. तो कागद शाई पितो, डाग पडेल.

सरोजला सांग, मोर पुढच्या खेपेला.

तुझा
गुरुदत्त


निंबवली
२२ फेब्रुवारी १९५४

ती. दादास सा. नमस्कार.

आपल्या वहीचा पहिला नंबर आला. शारदाबाईंनी वही वर्गात फिरवली, हात धुऊन या म्हणाल्या, मगच पान बघा. हेडमास्तरांना वाटलं छापून आणलं आहे. त्यांनी बोट ओलं करून एका कोपऱ्याला लावून बघितलं. आता वही जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जाणार आहे, एप्रिलच्या शेवटी.

माझी फी मॅट्रिकपर्यंत माफ झाली. आईनं देवापुढे साखर ठेवली. म्हणाली, "गुरुला लिही, आता तुझ्यासाठी पाठवायला नको. त्याच्या अंगावर एक चांगला सदरा होऊ दे."

सरोज आठ दिवस शाळेत आली नाही. थंडी बाधली असेल.

इकडे सगळं ठीक आहे.

तुझी
कालिंदी


खिदिरपूर
५ मार्च १९५४

चि. कालिंदीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. गोदीतून निघालो तो पायीच गार्डन रीचला श्यामरावांकडे गेलो, वाटेत संदेश, म्हणजे इथली मिठाई, घेतले. श्यामराव म्हणाले, "पाचवी नापास माणसाची बहीण पहिली, म्हणजे घराण्यात कुठेतरी अक्कल होती." शकुनताईंनी संदेश हातात घेतला आणि विचारलं, "आणि ती मोर काढणारी? तिचीही माफ झाली ना?" मी म्हटलं, तिला बरं नाही. त्या म्हणाल्या, "बरं नसलं तर फी माफ होत नाही का?" मी प्रेमलतेला खांद्यावर घेऊन बाहेर ट्राम दाखवायला गेलो.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. एरवी तू दोन कागद भरतेस आणि कडेला उभं लिहितेस. या वेळी खाली अर्धं पान कोरं. "इकडे सगळं ठीक आहे" असं तू आजवर कधी लिहिलेलं नाहीस. मांजर व्याली तरी तू लिहितेस.

आतल्या पानावर सरोजचं नाव घातलंस ना? एवढंच कळव.

तुझा
गुरुदत्त


निंबवली
१६ मार्च १९५४

ती. दादास सा. नमस्कार.

नाही घातलं.

नळी पाच फेब्रुवारीला दुपारी आली. आम्ही दोघींनी मिळून ती फोडली. पान उलगडलं तेव्हा सरोजचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग तिनं खाली वाचलं. म्हणाली, "रेघा किती सरळ आहेत गं." आणि कोपरे दाबायला चार दगड आणून दिले. घरी जाताना तिनं विचारलं, "आत घालशील ना?" मी म्हटलं हो.

आतलं पान कोरं होतं. दौत समोर होती. लोकांना मी सांगते की पान खराब होईल अशी भीती वाटली. तुला खरं सांगते. ते पान इतकं सुंदर होतं आणि त्यावर माझं एकटीचं नाव होतं. मला वाटलं, एक दिवस राहू दे तसंच. दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. शारदाबाईंनी विचारलं, "हे सगळं एकटीनं केलंस?" मी मान हलवली. हो आणि नाही यांच्या मधली हलवली. बाईंनी हो धरलं. सरोज मागच्या बाकावर होती.

तिला थंडी बाधलेली नाही. ती घरी बसून बापाला कांड्या भरून देते. काल गेले. तिच्या आईनं बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि पाठ करून चुलीशी बसली. सरोज चाक फिरवत होती, थांबली नाही.

मी म्हटलं, "भांड तरी माझ्याशी."

"तुझ्याशी भांडले असते गं," ती म्हणाली. "पण ते पान छापल्यासारखं दिसतं. छापल्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टीशी कुणी भांडायचं? बाबांना मी सांगितलं, एकशे बारा माग मी मोजले. ते म्हणाले, मग तुझं नाव कुठाय?"

तिथून मी तशीच शारदाबाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "सरोज तुझ्याबरोबर हिंडायची हे मला माहीत आहे. पण वरच्या पानावर नाव तुझं. ते पान कुणी घाईत काढलेलं नाही, विचार करून काढलंय. मी धरलं की तुम्ही दोघींनी तसं ठरवलं. आता हेडमास्तरांना काय सांगू? ते म्हणतील, मैत्रिणीची फी भरायची आहे म्हणून पोरगी खोटं बोलते. आधीपासून दोघींचं होतं याचा पुरावा काय?"

माझ्यापाशी काही नाही. तुझी पत्रं दाखवावीत तर त्यात तूच लिहिलं आहेस की माझं पत्र तुला उशिरा मिळालं.

दादा, मी पोस्टात विचारलं. सतरा तारखेला टाकलेलं पत्र कलकत्त्याला पोचायला पाच दिवस, फार तर सहा. तू नळी तीसला पाठवलीस. मी हिशेब पुढे केला नाही. तुला काही सांगायचं असेल तर सांग. पाच एप्रिलला वीस दिवस आहेत.

कालिंदी


खिदिरपूर
२३ मार्च १९५४

चि. कालिंदी,

तुझं सतरा तारखेचं पत्र मला बावीसलाच मिळालं होतं. तेव्हा कागदावर शाईचा एक थेंबही पडलेला नव्हता.

उलट ते वाचून मी दोन्ही नावं आखली. शेजारी शेजारी, तुला हवी तशी. बारीक सळईनं कागदावर दाबून अक्षरं कोरायची, वरून पेन्सिल, मग शाई, अशी माझी पद्धत. दोन्ही नावं छान बसली होती. जागेची काही अडचण नव्हती. पेटीवर एकच नाव हा नियम खरा आहे, पण तो मला आठवला नाही. मी तो नंतर तुझ्यासाठी शोधला.

खरी गोष्ट अशी आहे. इथे एका सारंगाशी माझी ओळख झाली. खलाशी ठेवणं काढणं त्याच्या हातात असतं. पैसे दिले की तो जहाजावर रंगाऱ्याचं काम देतो. एक जहाज मार्चच्या शेवटी सिंगापूरला निघणार होतं. मी हे आईला कळवलं नाही, तुला नाही, श्यामरावांना तर नाहीच. पैसे बाजूला टाकत होतो. पण दर महिन्याला तुझी फी आड यायची. तुझं पत्र वाचलं आणि डोक्यात आलं, नंबर आला तर माफी दोघींत वाटली जाईल. अर्धी तिला, अर्धी तुला. म्हणजे उरलेली अर्धी मला पाठवत राहावीच लागणार, आणि मी इथेच अडकणार. असं कुणी म्हटलं नव्हतं. तू तर "मुलींना" असं स्वच्छ लिहिलं होतंस. मी पुन्हा वाचून बघितलंही नाही. रबर घेतलं.

पुसून झाल्यावर तुझं नाव एका बाजूला पडलं. मग तेही पुसलं आणि मधोमध नवीन आखलं. ते जास्त चांगलं दिसत होतं. याची मला सगळ्यात लाज वाटते, की ते खरंच जास्त चांगलं दिसत होतं आणि मी ब्रश खाली ठेवून बराच वेळ खूष होऊन बघत बसलो.

शकुनताईंनी त्यानंतरच्या रविवारी विचारलं होतं, "पाहणी एकटीनंच केली का रे?" त्यांना मी हो म्हटलं. तुझ्यासारखी मधली मान नाही हलवली. सरळ हो. तेव्हा तू स्वतःला जेवढी दोषी धरतेस त्यातला मोठा वाटा माझ्याकडे दे. तू एक दिवस गप्प बसलीस. मी ते गप्प बसणं आखून, शाई भरून तुझ्या हातात दिलं.

आता पुरावा. रबरानं शिसं जातं, सळईची खाच जात नाही. वही प्रदर्शनाला जायच्या आधी शारदाबाईंकडून मागून घे. पान उन्हात तिरपं धर, मागच्या बाजूनं. तुझ्या नावाच्या उजवीकडे जी कोरी जागा आहे तिथे हळूच बोट फिरव. उलट्या अक्षरांत "सरोज" हाताला लागेल; त्यातला "स" तुझ्या नावाच्या शाईखाली गेला आहे. डावीकडे तुझं जुनं नाव लागेल, तेवढंच मोठं. बाईंना स्वतः बोट फिरवू दे, आणि हेडमास्तरांना पण. शाईच्या खालचं कुणाला मागाहून कोरता येत नाही, हे त्यांना पटेल.

शारदाबाईंना मी वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात हे सगळं आहे. सारंगासकट. शकुनताई म्हणाल्या, आण, शुद्धलेखन तपासून देते. मी नको म्हटलं. त्यांना आज जेवताना सगळं सांगितलं होतं. त्यांनी पानातली पोळी काढून घेतली नाही, पण दुसरी वाढायलाही आल्या नाहीत. श्यामराव हसले नाहीत. प्रेमलता विचारत राहिली, "दादा की कोरलो?" म्हणजे दादानं काय केलं.

तुम्हा दोघींची माफी होईल की नाही ते हेडमास्तरांच्या हातात. कदाचित रागावून तुझीही काढून घेतील. घेतली तर मी आहे, पहिल्यासारखी महिन्याच्या महिन्याला पाठवीन. मी कुठे जात नाही. सारंगाला काल तसं सांगितलं. त्यानं खांदे उडवले आणि माझ्या मागच्या पोराला हाक मारली.

पण पाच एप्रिल कुणासाठी थांबणार नाही. म्हणून सरोजची फी आधी भरली गेली पाहिजे, निकाल काहीही लागो. तिच्या बाबांच्या हातात पैसे देऊ नकोस, ते घेणार नाहीत आणि घेऊही नयेत. मी शारदाबाईंच्या नावानं पाठवतो, सरोजच्या नावावर पावती फाडायला. मनीऑर्डरच्या कुपनावर लिहिलं आहे, "हे दान नाही. पान बिघडवलं त्याचा दंड." तू सरोजकडे जा आणि तिला फक्त एवढं सांग, की परीक्षेला बस. माझ्या वतीनं माफी मागू नकोस. ती मी स्वतः मागेन, ज्या दिवशी ती माझं पत्र घेईल त्या दिवशी. न घेतलं तरी लिहीन.

आईला यातलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांग. सदरा नको म्हणावं.

गुरुदत्त

ता. क. पोस्टातून परत येऊन हे लिहितो आहे. सारंगासाठी जमवलेले सगळे मोजले, खिशातली मोड पण त्यात घातली. थकलेली सहा महिन्यांची फी, परीक्षेची फी, आणि उरतील ते तिच्या दहावीसाठी. तारेच्या मनीऑर्डरनं पाठवले आहेत: रुपये त्रेसष्ट, आणे चार.